दोरीवरचे लंगोट मोजत जा



मागच्या वर्षी भीमजयंतीचा मांडव उतरून आठ-दहा दिवस झाले असतील. रविवारची वंदना आटोपली आणि आम्ही विहाराच्या पायरीवर चप्पल शोधत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक आजी पदराआड काहीतरी धरून घाईघाईने आल्या. कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला लेकराचा लंगोट होता आणि त्यावर विटेच्या भुकटीसारखा गुलाबी-तांबडा डाग. आजींचा आवाज कापत होता. "बाई, लेकराच्या मुतात रगत येऊन रायलं. कोनाची नजर लागली का वं?"

नातू चार दिवसांचा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. डाग बघून आम्ही एकच विचारले, "आजी, कालपासून किती लंगोट ओले झाले?" आजींना ते सांगता येईना. घरी जाऊन लेकीला विचारले, तिने दोरीकडे बघून बोटे मोजली. दोन. चार दिवसांचे बाळ, दिवसरात्र मिळून दोन लंगोट. घरावर टिनपत्रे, बाहेर यवतमाळचे ऊन, खोलीत पंखा गरम वारा फेकत होता. दूध अजून नीट उतरले नव्हते, म्हणून कापसाच्या बोळ्याने साखरपाणी आणि अधूनमधून मधाचे बोट चालू होते.

तो डाग रक्ताचा नव्हता. बाळाच्या अंगात पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि तिच्यातले युरिक आम्लाचे क्षार कापडावर गुलाबी भुकटीसारखे उरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग पुष्कळ लेकरांच्या लंगोटावर दिसतो आणि दूध उतरले की जातो. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर त्याचा अर्थ सरळ आहे, लेकराचे पोट भरत नाही. आजींनी नजर काढायला मिरच्या आणल्या होत्या. आम्ही आशाताईंना बोलावले. ताईंनी वजन केले, बाळाला अंगावर कसे धरायचे ते दाखवले. निपल नुसते तोंडात देऊन चालत नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. साखरपाणी बंद, मध बंद, दर दोन तासांनी अंगावर पाजणे सुरू, रात्रीसुद्धा. दुसऱ्या दिवशी वजन पुन्हा बघायचे आणि लंगोट वाढले नाहीत तर दवाखाना, असे ठरले. दुसऱ्या दिवशी चार लंगोट ओले झाले. सातव्या दिवसापर्यंत लेक मोजता मोजता थकली. मिरच्या भाजीत गेल्या.

त्या दिवसापासून मनात होते की या पानावर लेकराच्या लघवीबद्दल एकदा सविस्तर लिहावे. शी कशी झाली हे आपण चारचौघींत बोलतो. सूबद्दल मात्र कोणी बोलत नाही. बोलता न येणारे लेकरू आपल्या पोटातली बातमी लंगोटातूनच देते.

मोजायचे कसे, ते आधी सांगतो. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत बहुतेक बाळांना लघवी होते. ४८ तास उलटले तरी झाली नाही तर डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे. तोवर दवाखान्यातून सुट्टी घेऊ नये. झाली होती पण कोणी पाहिली नाही, असेही होते, कारण प्रसूतीच्या टेबलावरच लेकरू मुतून मोकळे होते. म्हणून नर्सताईंना विचारून घ्यावे. त्यानंतरचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दिवशी निदान एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी चढती कमान. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त चांगले ओले लंगोट. काही लेकरे पंधरा-वीस वेळा करतात, तेही ठीकच. चांगला ओला म्हणजे किती, असा प्रश्न पडत असेल तर कोरड्या लंगोटावर दोन-चार मोठे चमचे पाणी ओतून हातात धरून बघा, हाताला अंदाज येतो. बाजारच्या डायपरमध्ये हे कळत नाही, कारण ते ओल शोषून घेते आणि वरून कोरडेच लागते. निदान पहिले दोन आठवडे तरी घरचा सुती लंगोट बरा, असे आमचे मत. जुन्या मऊ लुगड्याच्या लंगोटाला काही कमीपणा नाही.

आता पाण्याचे बोलू. आपल्या जिल्ह्यात यावरूनच घराघरांत सासू-सुनेचे वाजते. आजींचे म्हणणे आम्हाला समजते. त्या म्हणाल्या होत्या, "ऊन केवढं आहे! घसा सुकते ना लेकराचा." एप्रिल-मे महिन्यांत वणी, राळेगाव, पांढरकवड्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा मोठ्या माणसाचाही घसा सुकतो, हे खोटे नाही. पण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८८ भाग पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत, अगदी मे महिन्यातही, लेकराला वेगळे पाणी लागत नाही. ऊन वाढले की पाजण्याच्या वेळा वाढवा आणि पाणी आईने प्यावे. साध्या पाण्याने लेकराचे चिमुकले पोट भरते, ते दूध कमी ओढते आणि आईचे दूधही कमी होत जाते. शिवाय लहान बाळाच्या मूत्रपिंडांना जास्तीचे पाणी पटकन बाहेर टाकता येत नाही. रक्तातले मीठ पातळ होते आणि लेकराला झटके येऊ शकतात. वरचे दूध पाजावे लागत असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणेच करावे, डबा पुरावा म्हणून पातळ करू नये. मधाचे बोट तर एक वर्षापर्यंत नकोच, त्यातून लेकराला पक्षाघातासारखा जीवघेणा आजार होऊ शकतो.

काही भगिनी म्हणतील, आमच्या सासूने पाच लेकरे पाणी पाजूनच वाढवली. वाढवली असतील. पण किती गेली हेही त्याच सासूबाईंना जवळ बसून विचारा. त्या सांगतात, आणि सांगताना डोळे पुसतात. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. लंगोट मोजणे ही पारखच आहे, तिला वजनकाट्याखेरीज काही लागत नाही. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे उतरते, दहा-चौदा दिवसांत ते जन्मवजनाला परत येते. लंगोट भरपूर आणि वजन चढते असेल तर दूध पुरते आहे. मग कोणी काहीही म्हणो.

रंगाचा विचार करू. अंगावर पिणाऱ्या लेकराची लघवी जवळजवळ पाण्यासारखी, फिकट असते. पांढऱ्या लंगोटावर डाग उरत नाही. लंगोट पिवळाधमक होऊ लागला तर आधी दूध पुरते का ते बघावे. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बाळाला कावीळ झाली, ती दोन आठवडे उलटूनही गेली नाही, लघवी गडद पिवळी होऊन लंगोट रंगवते आणि शी मात्र पांढुरकी, खडूसारखी होते, असे असेल तर एक दिवसही थांबू नये. पित्ताची नळी बंद असण्याचे ते लक्षण असू शकते. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती साठ दिवसांच्या आत झाली तर लाभ होण्याची शक्यता अधिक असते. आमच्याकडे अशा लेकरांना सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात, कोणी काविळीची माळ घालतो, आणि साठ दिवस तिथेच संपतात. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर कोवळे असे काही नसतेच. उन्हाने अशी कावीळ जात नाही.

मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात थोडे रक्त किंवा पांढरा चिकट स्राव दिसला तर घाबरू नये. आईच्या पोटात असताना मिळालेली संप्रेरके उतरतात, त्याचा तो परिणाम आहे, काही दिवसांत थांबतो. त्यानंतर मात्र मुलगी असो की मुलगा, लघवीत खरे रक्त दिसले की डॉक्टर.

मुलाची धार बघावी. आपल्याकडे पाहुण्याच्या धोतरावर लेकराने धार सोडली की सगळे हसतात. ती धार लांब गेली हे चांगलेच झाले. धार कधीच जोराने येत नाही, थेंब-थेंब गळते, लेकरू कुंथते, ओटीपोट फुगून घट्ट लागते, तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. तो मुलांमध्येच असतो. लघवी मागे तुंबून मूत्रपिंडे खराब होतात आणि बाहेरून लेकरू बरेच दिवस धडधाकट दिसते. वेळेवर कळले तर दुर्बिणीने तो पडदा काढता येतो. आणि अंघोळ घालणाऱ्या बायांना हात जोडून सांगणे आहे की शिश्नाची कातडी मागे ओढू नका. ती लहानपणी चिकटलेलीच असते, आपोआप सुटते. ओढल्याने जखम होते आणि व्रणाने ती खरोखरच आवळते. लघवीच्या जागी तेलाचा थेंब सोडण्याची रीतही तशीच टाकून द्यावी.

सू होण्याआधी बाळ रडते, झाली की शांत होते, याने पुष्कळ आया धास्तावतात. त्यात बहुतेकदा काही नसते, फुगलेल्या मूत्राशयाची त्याला नवलाई असते. पण सू होतानाही कळवळते, दूध टाकते, अंग तापते, लघवीला नवाच उग्र वास येतो, गढूळ दिसते, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तान्ह्या लेकराला एवढी सगळी लक्षणे दिसतीलच असेही नाही. नुसता ताप, ना सर्दी ना खोकला, एवढेच असते. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला १००.४ ताप आला की घरी औषध देत बसू नये, दवाखान्यात न्यावे. आपण म्हणतो "उन्हाळी लागली" आणि धण्याचे पाणी, सब्जा सुरू करतो. मोठ्यांना चालेल. तान्ह्याच्या संसर्गाला लघवीची तपासणी आणि पूर्ण मात्रेचे औषध लागते. तपासणीला लघवी हवी असते तेव्हा लेकरू नेमके करत नाही. अशा वेळी ती जागा स्वच्छ पुसून, थंड पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने ओटीपोटावर हळूहळू चोळावे आणि बाटली तयार ठेवावी. बरीच लेकरे लवकर धार सोडतात. औषध दोन दिवसांत बरे वाटले म्हणून बंद करायचे नाही. मुलीला पुसताना पुढून मागे पुसावे, मागून पुढे कधीच नाही.

सिकलसेलची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या घरातली आहे. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी लेकराला आजार येण्याची शक्यता चारात एक. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाचे जुने रक्त त्याला सांभाळते, साधारण सहा महिन्यांनंतर लक्षणे सुरू होतात. अशा लेकराच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवणे जमत नाही. त्यामुळे एरवी सू वाढते, फिकट असते, मोठेपणीही अंथरूण ओले होते आणि आपण त्याला रागावतो. याच कारणाने उन्हात किंवा जुलाबात त्याच्या अंगातले पाणी इतरांपेक्षा लवकर आटते, आणि पाणी आटले की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात, हातपाय सुजतात, लेकरू कळवळते. म्हणजे ज्या घरी सिकलसेल आहे तिथे "सू भरपूर होते ना, मग पाणी पुरते" हा हिशेब लागू पडत नाही. तिथे लेकराचे डोळे, तोंडाची ओल, टाळू बघावी. आणि चहासारखी काळपट लघवी, त्यासोबत डोळे पिवळे, अंग पांढरेफटक दिसले तर लगेच दवाखाना. सिकलसेलची प्राथमिक चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. १ जुलै २०२३ पासून या आजारासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. लग्न जुळवताना पत्रिका बघणे आपण सोडले, ते उत्तम केले. रक्ताचा कागद मात्र बघत जा.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाकडे, साधा सर्दी-ताप आलेल्या लेकरांना 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे औषध दिले गेले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष होते. हे ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये, तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत ते ४८.६ टक्के निघाले. वीसहून अधिक लेकरे गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कित्येकांना आपल्या नागपूरला आणले होते, डायलिसिसवर ठेवले होते, तिथेच ती गेली. ताप उतरत होता, खोकला कमी होत होता, आणि लघवी थांबली होती. सुरुवातीची मोठी खूण तीच होती. आमच्या वयाच्या वाचकांना १९८६ चे मुंबईचे जे. जे. रुग्णालय आठवत असेल. तिथे ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. ३९ वर्षांनी तेच विष गरिबाच्या लेकरापर्यंत पुन्हा पोचले. औषध तपासणे हे आईचे काम नाही, सरकारचे आहे, आणि सरकारला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण तोवर आपल्या हाती एवढे आहे. केंद्राच्या आरोग्य विभागाने ३ ऑक्टोबर २०२५ ला कळवले आहे की दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंत ती सहसा लागत नाहीत. तेव्हा मेडिकलवाल्याला "लेकराला खोकला आहे, काहीतरी द्या" म्हणू नये. मोठ्या मुलाची उरलेली शिशी धाकट्याला देऊ नये. आणि कोणतेही औषध सुरू असताना लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, डोळ्यांभोवती सूज आली तर औषध थांबवून तीच शिशी पिशवीत टाकून दवाखाना गाठावा. शिशी फेकू नका. डॉक्टरांना तिच्यावरचा कंपनी आणि घाणीचा क्रमांक, म्हणजे बॅच नंबर, लागतो.

जुलाबात लघवी कमी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंगावरचे पाजणे चालूच ठेवायचे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांत संपवायची, उरले तर फेकायचे. दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा ग्लास, चमच्याने, सावकाश. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, आशाताई देतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ असेल तर त्याला थेट दवाखान्यातच न्यायचे. आणि दुकानात रंगीत खोक्यातून ओआरएस म्हणून गोड सरबते विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला बंदी घातली. पुडीच घ्यावी.

मग निघायचे कधी? तान्ह्या बाळाचा लंगोट सहा-आठ तास कोरडा राहिला तर सकाळची वाट बघू नये. त्यातच टाळू खोल गेली, तोंड कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू खाली बसते, लेकरू मलूल पडले किंवा दूधच ओढत नाही, अशातले काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी निघावे. लेकरू एकाएकी फार मुतू लागले, तहान भागत नाही, वजन उतरते, मोरीत सू पडली की मुंग्या जमतात, तर साखरेची तपासणी त्याच दिवशी करावी. मधुमेह लहानग्यांनाही होतो.

बाबासाहेब आणि माता रमाईंची पाच लेकरे, त्यांतला एकटा यशवंत जगला. १९२६ साली राजरत्न गेला. दोनच वर्षांनी बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतिणीच्या भरपगारी रजेसाठी उभे राहिले. आज कापूस वेचणाऱ्या आपल्या सुनेला ती रजा नाही, दुसऱ्या महिन्यात ती वावरात असते आणि लेकरू धुऱ्यावरच्या झोळीत. म्हणून लंगोट मोजण्याचे काम आईवरच सोडू नका. मोठ्या बहिणीला सांगा, आजीला सांगा, बापाने घरी आल्यावर विचारावे. कोळशाच्या पाटीवर हजेरी लागते तशी भिंतीवर खडूने एकेक रेघ ओढली तरी पुरे. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, लघवी शेवटची कधी झाली.

जन्मानंतर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. आल्या नाहीत तर आपण निरोप धाडावा. एक वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध आणि वाहन मोफत आहे. १०२ किंवा १०८ लावा. गावाजवळचे आरोग्य केंद्र, तिथून पुसद, दारव्हा, पांढरकवड्याचे उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वाटेत अंगावर पाजत राहा, बाळ गार पडू देऊ नका. शेवटचा लंगोट, औषधाची शिशी आणि बाळाचे कार्ड सोबत असू द्या.

आजींचा तो नातू या जयंतीला एक वर्षाचा झाला. मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर होता आणि बापाचा पांढरा सदरा मागून ओला झाला होता. पुढल्या खेपेला टाळूबद्दल लिहू, त्यावर बऱ्याच भगिनींची पत्रे आली आहेत.